बिनछपराच्या दोन ओळी

नायगारा मी पाहिला नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कुणाचा हिरमोड नको. हातात मशाल धरून उभी असलेली ती बाईही पाहिली नाही. परत आल्यावर आमच्या कॉलनीतल्या बायका चहाला जमल्या, दोन्हींची चौकशी झाली, आणि मग एकजण म्हणाली, "अहो बाई, मग सहा आठवडे केलंत तरी काय?"

"पाच दिवस शाळेत गेले," मी म्हटलं.

त्या हसल्या. सत्त्याहत्तर वर्षांच्या बाईनं शाळेत जाणं हा विनोदच आहे. फक्त तो मी केला नव्हता, माझ्यावर झाला होता.

झालं असं, की मे महिन्यात सुजाताचा फोन आला. सुजाता माझी एकुलती एक लेक. तीस वर्षं झाली तिला तिकडे जाऊन. डेट्रॉइटच्या शेजारी ट्रॉय नावाचं गाव आहे, तिथं ती गाड्यांच्या दिव्यांची इंजिनिअर आहे; नवरा मिलिंद कामासाठी सारखा बाहेरगावी. फोनवर ती म्हणाली, "आई, तू ये. रेवाला समजाव. तुझंच ऐकते ती."

रेवा माझी नात, वय सत्तावीस, जन्म तिकडचाच. सगळ्या खानदानात मास्तरकी तिनंच उचलली, तीही माझ्याच विषयाची: हायस्कुलात इतिहास. गेल्या वर्षी तिनं वर्गात एकाच घटनेवरचे दोन पुस्तकांतले उतारे वाचून दाखवले आणि मुलांना विचारलं, "यात काय लिहिलेलं नाही?" एका पालकाची तक्रार आली, की बाई मुलांना स्वतःच्या देशावर संशय घ्यायला शिकवतात. मग दुसरी. रेवाला तीनदा ऑफिसात बोलावलं, एक ताकिदीचं पत्र दिलं. एवढं होऊन त्याच शाळेनं तिला विचारलं, की कॉलेजच्या तोडीचा अमेरिकन इतिहासाचा वर्ग घेणाऱ्या बाई निवृत्त झाल्या, तो तू घेशील का. त्यासाठी उन्हाळ्यात पाच दिवसांचं प्रशिक्षण करायचं, आणि शेवटच्या शुक्रवारी होकाराच्या कागदावर सही करायची. तिनं सही केली नाही, तर दुसरं कुणी नव्हतं, वर्ग बंद. बावीस मुलांनी नाव दिलं होतं.

"तिचा जीव जाईल आई त्यात. रोज रडून यायची," सुजाता म्हणाली. "तिच्या मैत्रिणी डेटामध्ये आहेत, घरून काम करतात. त्यांना कुणी ताकिदीची पत्रं पाठवत नाही. तू फक्त तिला सही करू देऊ नकोस. आणि मी सांगितलं म्हणून सांगू नकोस."

मला गुप्तहेर व्हायची लहानपणापासून हौस. बॅगेत मेतकूट, शेंगदाण्याची चटणी आणि एक कट असा ऐवज घेऊन मी निघाले. कट म्हणजे मिसळीचा नव्हे, कारस्थानाचा.

ट्रॉय, धुराचा शनिवार

माझ्या डोक्यात अमेरिकेचं आभाळ निळं होतं. कॅलेंडरवर तसंच असतं. प्रत्यक्षात मी उतरले तेव्हा तिकडे कॅनडात जंगलं पेटलेली होती, आणि तो धूर शेकडो मैल चालत ट्रॉयपर्यंत आला होता. सूर्य म्हणजे जुन्या पितळी भांड्याचं बूड. जुलैचा महिना, झाडं हिरवीगार, गवत कापलेलं, आणि सगळ्यावर एक पिवळट साय. फोनवर सूचना यायची, की वयस्कर माणसांनी घराबाहेर पडू नये. मी घराबाहेर पडले.

तिथली घरं एकाच साच्यातली. करड्या भिंती, पांढरा गराज, दाराशी एक मेपल. चक्कर मारून परत आले, चपला काढल्या, दार ढकललं तर बंद. बेल वाजवली. कुणी येईना. दार बडवून मी ओरडले, "सुजे, कानात बोळे घातलेस का?" तेव्हा एका म्हाताऱ्या गोऱ्या गृहस्थानं दार उघडलं. अंगावर पायजमा, नाकात ऑक्सिजनची नळी. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. त्यांनी मला आत बोलावलं, पाणी दिलं, आणि खुर्चीत बसून धापा टाकत माझ्याशी हसले. भाषेचा प्रश्न आला नाही, कारण त्यांना बोलायला दम नव्हता आणि मला शब्द. भिंतीवर त्यांच्या बायकोचा फोटो होता, खाली प्लॅस्टिकची फुलं. अर्ध्या तासानं सुजाता शोधत आली.

गाडीत बसण्याइतकंही अंतर नव्हतं, चालतच आलो. तेवढ्यात तिनं निकाल दिला: "आई, तू घरात एकटी राहायचं नाहीस. मला ऑफिसला सुट्टी नाही, मिलिंद कॅलिफोर्नियात आहे. सोमवारपासून तू रेवाबरोबर ट्रेनिंगला जायचंस." मग आवाज खाली आणून, "बरंच झालं. कामही होईल."

सोमवार: काय नाही?

एका कॉलेजात वर्ग भरला होता. खिडक्या नसलेली खोली, गोल टेबलं, पंचवीस-सव्वीस शिक्षक. कुणी चाळिशीचा, कुणी पोरसवदा, एक फुटबॉलचा कोच, तोही इतिहासच शिकवायचा. शिकवणाऱ्या बाईंचं नाव लॉरेटा. सत्तरीच्या पुढच्या, काळ्या, हातात काठी, आवाज इतका बारीक की ऐकायला सगळ्यांना गप्प बसावं लागे. डेट्रॉइटच्या शाळांतून चाळीस वर्षं शिकवून निवृत्त झालेल्या. रेवानं माझी ओळख करून दिली, की ही माझी आजी, हिनंही चौतीस वर्षं इतिहास शिकवला. लॉरेटाबाईंनी माझा हात दोन्ही हातांत घेतला. "मग तुम्ही इथं बसा," म्हणाल्या, "आणि आम्ही चुकलो तर खोका."

आता मला माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं, आणि ते चांगलं नाही. कराडच्या एका मुलींच्या शाळेत मी इतिहास शिकवला म्हणते, पण खरं तर उतरवून दिला. त्या काळच्या मला मी 'मोहिते बाई' म्हणते, कारण ती बाई आणि मी एकच आहोत हे कबूल करायला जड जातं. मोहिते बाईंची साडी कडक इस्त्रीची, हातात पाठाचं टाचण, त्याच टाचणावर बी.एड.पासून निवृत्तीपर्यंत आयुष्य निघालेलं. अमेरिकेचं स्वातंत्र्ययुद्ध बाईंनी अडीच तासिकांत जिंकून दिलं होतं: कारणे पाच, परिणाम चार, वसाहती तेरा. एका मुलीनं एकदा विचारलं होतं, "बाई, तिथं आधी जी माणसं राहत होती त्यांचं काय झालं?" बाई म्हणाल्या, "ते परीक्षेला नाही."

तर लॉरेटाबाईंनी पहिल्या दिवशी एक कागद वाटला. जुन्या काळच्या कुण्या शेतमालकाच्या मृत्यूनंतर केलेली त्याच्या मालमत्तेची यादी. रेवा मला कानात मराठीत सांगत होती. दोन तपकिरी खेचरं. एक नांगर. लोखंडी भांडी. पिसांची गादी. आणि मग त्याच ओळीत, त्याच शाईत: हॅना, आणि तिचं मूल.

"इथं काय नाही?" लॉरेटाबाईंनी विचारलं.

शिक्षक बोलायला लागले. आडनाव नाही. वय नाही. लिहिणाऱ्याचं मत नाही. बाई प्रत्येकाला मान हलवत होत्या, पण थांबून राहिल्या होत्या.  मग त्या कोचनं, इतक्या धिप्पाड माणसानं, टेबलाकडे बघत सांगितलं, "मुलाला नाव नाही."

"यादी करणाऱ्यानं खेचरांचा रंग लिहिलाय," लॉरेटाबाई म्हणाल्या.

मी खोकले नाही.

मंगळवार, बुधवार: जेवण आणि हेरगिरी

दुपारचं जेवण कॉलेजकडून असे. थंडगार पाव, त्यात थंडगार पानं, आणि थंडगार चीज. सगळं एकमेकांना न ओळखणारं. मंगळवारी मी दशम्या आणि चटणी डब्यात नेली. कोच शेजारी येऊन बसला आणि दशमी गुंडाळून खात राहिला. चटणीचा बोकणा भरल्यावर त्याचे डोळे भरून आले. रेवा म्हणाली, "कोच, तुम्ही रडताय." तो म्हणाला, "या आठवड्यात कधीतरी रडणारच होतो, आता निमित्त झालं." त्याच्या गावातल्या शाळेत पुढच्या वर्षी इतिहासाचे दोनच शिक्षक उरणार होते. तो नि एक बाई. बाईंना बाळ होणार होतं.

जाता-येताना गाडीत माझी हेरगिरी चाले.

"रेवे, डोकं दुखतं का गं रोज?"

"नाही आजी."

"मला दुखायचं. मास्तरकीत डोकं फार दुखतं. डेटामध्ये दुखत नसेल."

तिनं माझ्याकडे तिरकं पाहिलं. "आजी, डेटा म्हणजे काय माहितीये तुला?"

"काहीतरी घरून करायचं असतं."

ती हसली, पण लगेच थांबली. रस्ता दुतर्फा सपाट. आमच्याकडे कुठंही मान वर केली की एक डोंगर तरी असतो नजरेला अडवायला. मिशिगनमध्ये नजर जातच राहते आणि शेवटी धुरात बुडते. "माझं ठरलं नाहीये," ती म्हणाली. "सकाळी वाटतं करावं. ऑफिसचा ईमेल आला की पोटात गोळा येतो. फ्रायडेला बघू."

मला दया आली. खरं सांगते, त्या क्षणी मला वाटलं, सुजाता बरोबर आहे. पोरीनं हे सोडावं. पोटात गोळा मलाही यायचा, साहेब पाठ बघायला आले की. पण मोहिते बाईंचा गोळा टाचणात बसायचा, हिचा बसत नाही.

बुधवारी लॉरेटाबाईंनी गृहपाठ दिला. उद्या प्रत्येकानं घरातला एखादा जुना कागद आणायचा आणि त्यावर दहा मिनिटांचा पाठ घ्यायचा, बाकीचे शिक्षक विद्यार्थी होणार. रेवानं घरी येऊन आईला विचारलं, "आपल्याकडे काही ओल्ड पेपर्स आहेत?"

सुजाता वरच्या मजल्यावर गेली आणि हेडलाइटचं एक रिकामं खोकं घेऊन आली. आत माझी पत्रं. ती नव्यानं तिकडे गेली तेव्हा मी पाठवलेली, निळी, हलकी, घडीची. अकरा होती.

"अगं, तू ठेवलीस ही?" मी म्हटलं.

"सगळी आहेत," ती म्हणाली आणि भांडी लावायला वळली.

रेवाला मराठी बोलता येतं, मोडकं. वाचता येत नाही. मी तिला पत्रं वाचून दाखवायला बसले. प्रत्येकाची सुरुवात एकच: 'चि. सुजातास अनेक आशीर्वाद. इकडे सर्व खुशाल, काळजी नसावी.'

"आजी, एव्हरी लेटर खुशाल?" रेवा म्हणाली. "एकदा पण कुणाला सर्दी नाही?"

"तशी पद्धत असते गं. पत्र लिहायची."

"आणि हे खाली?"

खाली समासात दोन ओळी असत, जांभळ्या शाईत. सुजाताच्या वडिलांच्या, म्हणजे आमच्या ह्यांच्या. सुजाता त्यांना आप्पा म्हणे. मोजणी खात्यात नकाशे काढायचे. बोलायचे कमी, लिहायचे त्याहून कमी. 'बर्फात जपून चाल. —आप्पा.' 'आंबा यंदा बरा. —आप्पा.' मी वाचत गेले. अकरावं पत्र आलं तेव्हा ते मी भराभर वाचलं, चांगलं वाचलं, अगदी हसत वाचलं, आणि घडी घालून सगळ्यांत खाली ठेवलं.

गुरुवार: छप्पर

रेवानं टेबलावर अकरा पत्रं ओळीनं मांडली. सहा-सात शिक्षक भोवती. ती म्हणाली, "मला ही लिपी वाचता येत नाही. तुम्हालाही नाही. न वाचता काय दिसतं ते सांगा."

मला गंमत वाटली. आपली अक्षरं लोक मुंग्यांची रांग बघावी तशी बघत होते. एक मुलगी म्हणाली, पहिली ओळ सगळीकडे सारखी दिसते, तो नेहमीचा मायना असावा. कोच म्हणाला, लिहिणारी व्यक्ती शिस्तीची आहे, समास पट्टीनं मोजलेला वाटतो. मी मान ताठ केली. मग कुणीतरी म्हणालं, समासात दुसरा माणूस आहे. शाई वेगळी. तो कागद तिरका धरून लिहितो.

"येस," रेवा म्हणाली. "माय ग्रँडफादर." आणि ती वाकली. शेवटचं पत्र तिनं उचललं, दुसऱ्याशेजारी धरलं, परत ठेवलं. मग माझ्याकडे बघत मराठीत म्हणाली, "आजी, त्यांच्या अक्षरांना छप्पर नसतं."

"काय?"

"छप्पर. वरची लाइन. तू प्रत्येक शब्दावर लाइन मारतेस. ते कधीच मारत नाहीत. दहा पत्रांत नाही. या शेवटच्यात आहे." तिनं बोट ठेवलं. "शाई सेम आहे. पण रूफ आहे."

शिरोरेखा. आमचे हे आयुष्यात कधी शिरोरेखा देत नसत. म्हणायचे, "आयुष्यभर हद्दी आखतो मी. अक्षरांवर तरी कशाला?" आणि चौतीस वर्षं मुलींच्या वह्यांत शिरोरेखा नाही म्हणून अर्धा-अर्धा गुण कापणाऱ्या मोहिते बाईंनी, ज्या दिवशी नवऱ्याच्या अक्षराची नक्कल केली, त्या दिवशी सवयीनं सरळ रेघ ओढली. चोरी करायला गेल्या आणि घरमालकाचा केर काढून आल्या.

सगळे माझ्याकडे बघत होते. याच पत्रात असं का, हे रेवानं इंग्रजीत विचारलेलं मला कळलं. मी तिला म्हटलं, "घाईत असतील. कधीकधी द्यायचे ते."

तिनं ते इंग्रजीत सांगितलं. लॉरेटाबाई काठीवर दोन्ही हात ठेवून उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "लेखिका खोलीत आहे हे फार क्वचित घडतं. पण लक्षात ठेवा, लेखिकेचाही काही स्वार्थ असतो." सगळे हसले. मीही हसले. लॉरेटाबाई हसल्या नाहीत. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पाण्याचा पेला पुढं सरकवला.

गाडीत बसल्यावर पट्टा लावता लावता मी सांगून टाकलं. रेवानं गाडी सुरूच केली नाही.

आप्पांना अर्धांगाचा झटका आला होता. उजवी बाजू गेली, वाचा गेली. त्याच आठवड्यात सुजाताचं पत्र आलं होतं, की इथं करमत नाही, रोज रडते, परत यावंसं वाटतं. तिला नोकरी लागून दोन महिनेही झाले नव्हते. आजार कळवला असता तर ती निघालीच असती, आणि मग परत गेली नसती. मी तिच्या भल्यासाठी केलं असं मला सांगता आलं असतं, आणि बरीच वर्षं मी स्वतःला सांगितलंही. पण स्टाफरूममध्ये 'आमची सुजाता डेट्रॉइटला असते' हे वाक्य मोहिते बाई दिवसातून तीनदा म्हणत असत, आणि ते वाक्य त्यांना सोडायचं नव्हतं. मी आप्पांच्या कॉटशी जाऊन विचारलं, "तुमच्या दोन ओळी मी लिहू का?" त्यांनी घशातून एक आवाज काढला. मी तो होकार धरला. 'तब्येत जप. मन लावून काम कर. —आप्पा.' पत्र पोहोचायला दोन आठवडे लागत. पुढच्या महिन्यात ते गेले. फोनवर सुजातानं विचारलं, "कधीपासून आजारी होते?" मी म्हटलं, "अचानक."

गाडी सुरू नसल्यामुळे आत उकडत होतं.

"आणि आणखी एक," मी म्हटलं. "मला इथं तुला फितवायला बोलावलंय. तू सही करू नयेस म्हणून."

रेवानं समोरच्या काचेकडे पाहिलं. काचेवर राखेची बारीक भुकटी. तिनं पाण्याचं बटण दाबलं, वायपर फिरले, भुकटीचा चिखल झाला.

"सो," ती म्हणाली, "तेव्हा आईला इकडेच ठेवायला खोटं. आता मला बाहेर काढायला. सेम पर्सन."

"सेम," मी म्हटलं.

"तिला सांग, आजी. मी नाही सांगणार."

गुरुवार, संध्याकाळ

सुजाता फरसबी चिरत होती. तिकडे ती चिरलेली मिळते, पण ती अजून स्वतः चिरते. मी समोर बसले, दुसरी सुरी घेतली, आणि शेंगांच्या शिरा काढत सगळं सांगितलं. रेवा जिन्याच्या पायरीवर बसली होती.

सुजाताची सुरी थांबली नाही. माझं संपल्यावर ती म्हणाली, "माहितीये, आई."

"काय माहितीये?"

"'तब्येत'वर रेघ होती. आप्पांनी आयुष्यात कधी रेघ ओढली होती? पत्र आलं त्याच दिवशी कळलं. ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून वाचलं मी."

मला वाटलं, मी नीट ऐकलं नाही.

"मग तू…"

"मग मी वर जाऊन काम केलं. रजा मागितली असती तर मिळाली असती बहुतेक. मिळाली नसती तर नोकरी गेली असती. मी मागितलीच नाही." तिनं फरसबी गॅसवरच्या पातेल्यात लोटली. "तू लिहिलं होतंस ना, काळजी नसावी म्हणून. मी नाही केली."

"तीस वर्षं बोलली का नाहीस गं?"

"बोलले असते तर तू विचारलं असतंस, मग आली का नाहीस?"

इतकी वर्षं मला वाटत होतं, की ते पत्र मी एकटीनं लिहिलं. त्यात वाचणारीही सामील होती. कुकरची शिट्टी झाली. कुणी उठलं नाही. दुसरी झाली. तिसरीला रेवा पायरीवरून उठली आणि तिनं गॅस बंद केला. त्या रात्रीची फरसबी करपट लागली. तिघींनी ती संपवली.

शुक्रवार

शेवटच्या दिवशी लॉरेटाबाईंनी प्रमाणपत्रं वाटली. मलाही एक दिलं, हातानं लिहिलेलं. मी खोकले नाही याबद्दल. कोचनं चटणीची उरलेली बरणी मागून नेली.

रेवा कागद घेऊन बाहेरच्या बाकावर बसली. धूर थोडा विरला होता, पण आभाळ अजून मळलेलंच. मी शेजारी बसले. मला सल्ला द्यायचा नव्हता. माझ्या सल्ल्यांनी एका घरात काय केलं ते आदल्या संध्याकाळी पाहून झालं होतं.

"मला भीती वाटते," ती म्हणाली. "इट्स नॉट गोइंग टु बी फाइन, आजी. परत लेटर येईल. मे बी जॉब जाईल."

"जाईल कदाचित," मी म्हटलं. खुशाल म्हणायचं ओठांवर आलं होतं, गिळलं.

"पण मी नाही घेतला वर्ग, तर त्या बावीस जणांना कुणी विचारणारच नाही, काय नाही म्हणून. आणि नंतर मी म्हणेन, मला माहीत नव्हतं." तिनं पेनचं टोपण काढलं. "आपल्या घरात ते ऑलरेडी खूप झालंय."

तिनं सही केली. सही वेडीवाकडी आली.

घरी सुजातानं विचारलं, "केलीस?"

"हो."

"बरं." ती डिशवॉशर भरत राहिली. एक ताट आत ठेवलं, बाहेर काढलं, परत ठेवलं. मग पाठमोरीच म्हणाली, "पत्रं आली तर मला दाखवत जा. लपवायची नाहीत."

माझ्याशी ती उरलेल्या दिवसांत नीटच वागली. गोळ्या वेळेवर दिल्या, मॉलमध्ये नेलं, विमानतळावर चाकाच्या खुर्चीची सोय केली. निरोप घेताना वाकून नमस्कार केला. मिठी मारली नाही. मीही मागितली नाही.

कराड

दिवाळीच्या आधी एक पाकीट आलं. हल्ली पोस्टमन पत्र घेऊन आला की शेजारी डोकावून बघतात, कोण गेलं म्हणून. पाकिटावर पत्ता सुजाताच्या अक्षरात. आत वहीचं एक पान, त्यावर मोठमोठी, एकमेकांपासून फटकून बसलेली देवनागरी अक्षरं. मधला 'ळ' उलटा. सुजाता दर रविवारी रेवाला अक्षरं शिकवते, एवढं मला फोनवर कळलं होतं. वरची रेघ अजून शिकवायची राहिलीय की मुद्दाम शिकवली नाही, ते कुणी सांगितलं नाही.

बिनछपराच्या दोन ओळी होत्या:

'आजी, इकडे सर्व खुशाळ नाही. दुसरं पत्र आलं. मुलं रोज येतात. मी विचारते.'

लाल पेन टेबलावरच असतं. मोहिते बाईंनी ते उचललं, टोपण काढलं, आणि पहिल्या शब्दाच्या डोक्यावर नेलं. तसंच धरून ठेवलं थोडा वेळ. मग मी टोपण लावलं.